फ्रेंचमधलं ‘फेर’: एक क्रियापद पायरीपायरीने

अर्थशास्त्राच्या पुस्तकात ‘लेसे फेअर’ बहुतेकांना भेटलेलं असतं. सरकारने हात आखडावा, व्यापाऱ्याला त्याचं त्याचं करू द्यावं, असा तो विचार. त्यातलं ‘फेअर’ म्हणजे फ्रेंचमधलं ‘करणे’. खरा उच्चार ‘फेर’च्या जवळचा, स्पेलिंग एफ-ए-आय-आर-ई. फ्रेंचच्या वर्गात ते अगदी सुरुवातीला येतं, फळ्यावर ‘फेर = करणे’ असं लिहिलं जातं आणि सगळे ते वहीत उतरवून घेतात. पुढच्या एखाद्या धड्यात ‘इल फे फ्रुआ’ समोर येतं. फळ्यावरचा अर्थ लावला तर होतं ‘तो थंड करतो’. कोण करतो, काय थंड करतो, काही पत्ता लागत नाही. वाक्याचा अर्थ असतो एवढाच: थंडी आहे.

म्हणून वहीतलं ते बरोबरचं चिन्ह आधी खोडा. फेरचा अर्थ त्याच्या पुढे काय उभं आहे त्यावर ठरतो. पुढे नाम आहे, विशेषण आहे, आकडा आहे की दुसरं क्रियापद, हे आधी बघायचं आणि मग मराठी करायचं. खालच्या पायऱ्या त्याच हिशोबाने लावल्या आहेत. इंग्रजीच्या वाटेने फ्रेंचकडे जाणारे जिथे अडखळतात तिथे मराठी माणसाला बरेचदा सरळ रस्ता मिळतो. काही ठिकाणी मात्र आपली मराठीच पायात पाय घालते.

लिपीबद्दल थोडं. इथे ‘ज’ हा ‘बोंजूर’मधला समजा आणि ‘झ’ हा ‘झाड’मधला. ‘ऽ’ असेल तिथे ओठांचा चंबू करून लांबट ‘अ’ म्हणायचा. देवनागरीत फ्रेंच पूर्ण उतरत नाही, तेव्हा उच्चार कानाने पक्के करा आणि स्पेलिंग पाठ्यपुस्तकातून घ्या.

पायरी १: रूपं, कानाने

वर्तमानकाळ असा: ज फे (मी), त्यु फे (तू), इल फे आणि एल फे (तो, ती), नु फझों (आम्ही), वु फेत (तुम्ही), इल फों (ते). एकवचनात सगळीकडे ‘फे’च ऐकू येतं. लिहिताना मात्र मी आणि तू यांच्या रूपाला शेवटी एस लागतो, तो आणि तीच्या रूपाला टी. रोजच्या बोलण्यात ‘नु फझों’ फारसं कानावर पडत नाही. त्याजागी ‘ओं फे’ म्हणतात, म्हणजे तेच ‘फे’ पुन्हा.

दोन रूपांपाशी थांबायला हवं. पहिलं ‘नु फझों’. स्पेलिंगमध्ये ए-आय दिसतं म्हणून सगळे ‘फेझों’ वाचतात. बरोबर उच्चार ‘फझों’. अपूर्ण भूतकाळातही तसंच: ज फझे, मी करत होतो. दुसरं ‘वु फेत’. फ्रेंचमध्ये ‘तुम्ही’चं रूप जवळजवळ नेहमी ‘ए’ने संपतं, त्या नियमाने इथे ‘वु फझे’ व्हायला हवं होतं. फ्रान्समधली लहान मुलं खरोखरच तसं बोलतात आणि आई त्यांना दुरुस्त करते. नियम मोडणारी तीन रूपं एकत्र घोका: वुझेत (तुम्ही आहात), वु दीत (तुम्ही सांगता), वु फेत. ‘ते’च्या रूपात अशी चार भावंडं आहेत: इल झों (त्यांच्याकडे आहे), इल सों (ते आहेत), इल वों (ते जातात), इल फों. पहिल्या दोघांत ‘झ’ आणि ‘स’ एवढाच फरक, आणि ऐकण्याच्या परीक्षेत नेमका त्यावरच घाला पडतो.

भूतकाळ ‘जे फे’, म्हणजे मी केलं. वर्तमानातलं ‘ज फे’ आणि हे ‘जे फे’ यांत फरक एका मात्रेचा. शिवाय माणसं भरभर बोलतात तेव्हा वर्तमानातलं ‘ज फे’ आकसून ‘श्फे’ होतं. त्यामुळे ‘श्फे ला क्विझीन’ ऐकलं तर स्वयंपाक आत्ता चालू आहे (किंवा रोज करतात), आणि ‘जे फे ला क्विझीन’ ऐकलं तर झाला आहे. भविष्यकाळ ‘ज फरे’. ‘क ज फास’ हे रूप पुढच्या पातळीवर येईल, आत्ता फक्त ऐकून ठेवा.

पायरी २: काय करतोस?

‘कस्क त्यु फे?’ म्हणजे काय करतोयस? मजा अशी की या प्रश्नाच्या उत्तरात फेर असेलच असं नाही. ‘जातां ल ब्युस’, बसची वाट बघतोय. प्रश्नात फेर होतं म्हणून उत्तरातही ते घुसवायचा मोह आवरा. आदराने ‘कस्क वु फेत दां ला वी?’ विचारलं तर ते आपलं ‘काय करता आपण?’, म्हणजे नोकरी-धंद्याची चौकशी. उत्तर ‘ज स्वी’ लावून द्यायचं: मी इंजिनिअर आहे, मी शिक्षिका आहे. धंद्याच्या नावाआधी आर्टिकल लावायचं नाही.

पायरी ३: पुढे आर्टिकल आणि नाम

घरकामाची सगळी फौज इथे आहे. फेर ला क्विझीन (स्वयंपाक करणे), ला वेसेल (भांडी घासणे), ला लेसीव (कपडे धुणे), ल मेनाज (झाडलोट), ले कुर्स (वाणसामान, भाजी आणणे). मराठीत प्रत्येक कामाचं क्रियापद वेगळं, घासणे वेगळं, धुणे वेगळं. फ्रेंचमध्ये सगळीकडे एकच फेर. रांगेत उभं राहणं ‘फेर ला कऽ’, पेट्रोलची टाकी फुल्ल करणं ‘फेर ल प्लँ’, वामकुक्षी घेणं ‘फेर ला सिएस्त’, रुसून बसणं ‘फेर ला तेत’. शेवटच्याचा शब्दशः अर्थ ‘डोकं करणे’ होतो, तेव्हा शब्दशः जाऊ नका.

‘फेर ल पों’ हे खास फ्रेंच. पों म्हणजे पूल. गुरुवारी सार्वजनिक सुट्टी आली की शुक्रवारची रजा टाकायची आणि शनिवार-रविवारपर्यंत पूल बांधायचा. ईस्टरनंतरचा असांस्यों हा सण दर वर्षी गुरुवारीच येतो, बहुतेकदा मे महिन्यात. त्याच महिन्यात १ मे आणि ८ मे या सुट्ट्याही असतात. म्हणून मे महिन्यात फ्रान्समधल्या कुठल्या कचेरीत काम असेल तर आधी कॅलेंडर बघावं.

खेळ, छंद, व्यायाम यांच्याबरोबर आर्टिकलचा नमुना बदलतो: फेर द्यु वेलो (सायकल चालवणे), फेर द ला नातास्यों (पोहणे), फेर द्यु योगा. डेल्फ ए-१ या फ्रेंचच्या सुरुवातीच्या पातळीच्या परीक्षेत, तिच्या तोंडी भागात, स्वतःबद्दल, घरच्यांबद्दल, आवडीनिवडींबद्दल विचारतात, तेव्हा ही वाक्यं तोंडात तयार हवीत.

आता नकार. ‘मी सायकल चालवत नाही’ हे ‘ज न फे पा द वेलो’. ‘द्यु’चं ‘द’ झालं. पण ‘मी भांडी घासत नाही’ हे ‘ज न फे पा ला वेसेल’. ‘ला’ जागचं हललं नाही. कारण ‘द्यु’ आणि ‘द ला’ हे ‘थोडंसं, काही एक’ अशा अर्थाचे. नकारात ते थोडंसंही उरत नाही, म्हणून नुसतं ‘द’. ‘ला वेसेल’मधलं ‘ला’ मात्र ठरलेल्या गोष्टीकडे बोट दाखवतं. भांडी घासली नाहीत तरी ती मोरीत पडलेली असतातच.

पायरी ४: पुढे नुसतं नाम

काही नामं आर्टिकलशिवाय फेरला चिकटतात. फेर आतांस्यों (लक्ष देणे, जपून असणे), फेर कोंफियांस (विश्वास ठेवणे), फेर सांब्लां (सोंग आणणे). भावनांचा गट मराठी माणसाला सोपा जातो: ‘सा म फे पऽर’ म्हणजे मला त्याची भीती वाटते, ‘सा म फे माल’ म्हणजे मला दुखतं, ‘सा म फे प्लेझीर’ म्हणजे मला आनंद होतो. तिन्हींमधलं ‘म’ म्हणजे आपलं ‘मला’. भावना आपल्याकडे चालून येते ही मांडणी मराठीत आहेच, फक्त ‘वाटणे, दुखणे, होणे’ यांच्या जागी एकटा फेर बसवायचा.

पायरी ५: हवा

‘इल फे’ आणि बहुतेकदा विशेषण (शेवटच्या उदाहरणात नाम): इल फे बो (छान हवा आहे), इल फे शो (उकडतंय), इल फे फ्रुआ (थंडी आहे), इल फे न्वी (अंधार पडलाय). यातला ‘इल’ कोणी माणूस नाही, तो नुसता जागा भरायला बसवलेला. तापमानही असंच सांगतात: इल फे त्रांतसँक दग्रे, ३५ अंश. पाऊस आणि बर्फ यांना फेर चालत नाही, त्यांची क्रियापदं स्वतंत्र: इल प्लऽ, इल नेज.

तीन थंड्या वेगळ्या ठेवा. हवेत थंडी आहे: इल फे फ्रुआ. मला थंडी वाजतेय: जे फ्रुआ. सूप गार आहे: से फ्रुआ. मराठीतही तीन वेगळी वाक्यं लागतातच, तेव्हा तक्रारीला जागा नाही.

पायरी ६: किती झाले?

दुकानात ‘सा फे कोंब्यँ?’ विचारायचं. याचं मराठी नेमकं ‘किती झाले?’ दोन नि दोन चार होतात: दऽ ए दऽ फों कात्र. दोन वर्षं झाली: सा फे दऽझां. मराठीत जिथे बेरीज, बिल आणि काळ ‘होतो’, तिथे फ्रेंचमध्ये फेर येतं. इंग्रजीत या तिघांसाठी तीन तऱ्हेची वाक्यं करावी लागतात. म्हणून या पायरीवर इंग्रजी बाजूला ठेवा आणि थेट मराठीतून उडी मारा.

एक खड्डा आहे, तो काळाचा. ‘मला लियाँमध्ये राहायला लागून दोन वर्षं झाली’ हे ‘सा फे दऽझां क जाबीत आ ल्यों’. ‘जाबीत’ हा साधा वर्तमानकाळ. अजून तिथेच राहतोय, म्हणून वर्तमान. भूतकाळ वापरला की ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस लियाँ सोडून आला.

मापंसुद्धा इथेच बसतात. कपड्याच्या दुकानात ‘वु फेत केल ताय?’ म्हणजे तुमचा साइझ काय. उत्तर ‘ज फे द्यु कारांत’, ४० नंबर. उंचीही फेरनेच सांगतात: ज फे अँ मेत्र स्वासांतदीस, एक मीटर सत्तर.

पायरी ७: हसणे आणि हसवणे

इथे जरा ठिय्या देऊन बसायचं. फेरच्या पुढे दुसरं क्रियापद मूळ रूपात आलं की ते मराठीतलं प्रयोजक क्रियापद होतं. रीर म्हणजे हसणे, फेर रीर म्हणजे हसवणे. प्लऽरे रडणे, फेर प्लऽरे रडवणे. तोंबे पडणे, फेर तोंबे पाडणे. वुआर बघणे, फेर वुआर दाखवणे. सावुआर माहीत असणे, फेर सावुआर कळवणे. मराठीत कधी ‘व’ येतो, कधी आतला स्वर बदलतो, कधी शब्दच वेगळा होतो. फ्रेंचमध्ये एक फेर पुढे लावला की काम भागलं. शाळेत मराठीच्या व्याकरणात प्रयोजक क्रियापद शिकलात, ते इतक्या वर्षांनी इथे कामी येतं.

ओळख पक्की करायची तर फ्रेंच पाककृती वाचा. ‘फेत बुयीर लो’, पाणी उकळा. ‘फेत फोंद्र ल बऽर’, लोणी वितळवा. नुसतं ‘बुयीर’ म्हणजे पाण्याने आपणहून उकळणं, नुसतं ‘फोंद्र’ म्हणजे लोण्याने वितळणं. कृती आपली आहे हे सांगायला फेर लागतं.

शब्दांचा क्रम सांभाळा. ‘मी मुलांना हसवतो’ हे ‘ज फे रीर लेझांफां’. ‘मुलं’ हा शब्द ‘फे’ आणि ‘रीर’ यांच्यामध्ये घालायचा नाही. ‘हसवतो’ हा मराठीत एकच शब्द आहे. ‘फे रीर’सुद्धा एकच शब्द आहे असं समजा आणि मध्ये नाम शिरू देऊ नका. सर्वनाम असेल तर ते दोघांच्या आधी: ज ले फे रीर.

दुसरा प्रकार ‘करून घेणे’. ‘ज रेपार मों वेलो’ म्हणजे मी पाना घेऊन स्वतः सायकल दुरुस्त करतो. ‘ज फे रेपारे मों वेलो’ म्हणजे दुरुस्त करून घेतो, काम मेकॅनिकचं. किल्ली बनवून घेतली तर ‘जे फे फेर युन क्ले’. दोन फेर पाठोपाठ आले म्हणून दचकू नका, एक करवणारा आहे आणि एक करणारा.

स्वतःच्या अंगावरचं काम असेल तर ‘स फेर’. मराठीत आपण सलूनमधून आलो तरी बिनदिक्कत ‘मी केस कापले’ म्हणतो, आणि कोणालाही वाटत नाही की आरशासमोर कात्री घेऊन बसला होता. फ्रेंचमध्ये तसं वाटेल. तिथे ‘ज म फे कुपे ले शवऽ’ म्हणायचं, केस कापून घेतो. हाच सांगाडा नको असलेल्या गोष्टींनाही चालतो: ‘ज म स्वी फे वोले मों पोर्तफय’, माझं पाकीट मारलं. वाक्याची घडण ‘मी माझं पाकीट मारवून घेतलं’ अशी दिसते, पण त्यात बोलणाऱ्याचा काही दोष सुचवलेला नसतो. प्रवासाला निघण्याआधी हे वाक्य पाठ असावं आणि कामी न यावं.

लिहिणाऱ्यांसाठी एक बारकावा: पुढे क्रियापदाचं मूळ रूप असेल तर भूतकाळातलं ‘फे’ लिंग-वचनानुसार बदलत नाही. तिने केस कापून घेतले, ‘एल से फे कुपे ले शवऽ’, इथे शेवटी स्त्रीलिंगी ई जोडायचा नाही. शिकलेले फ्रेंच लोकही इथे घोटाळतात, तेव्हा परीक्षेत गुण गेले तर फार मनाला लावून घेऊ नका.

पायरी ८: जिथे ‘करणे’ आहे पण फेर नाही

मराठी ज्या नामाला हवं त्याला ‘करणे’ जोडून मोकळी होते. ती सवय इथे नडते. फोन करणे हे ‘आप्ले’, मदत करणे ‘एदे’, प्रयत्न करणे ‘एसेये’, सुरू करणे ‘कोमांसे’, सही करणे ‘सिन्ये’, लग्न करणे ‘स मार्ये’. अंघोळ आणि नाश्ता फ्रेंचमध्ये ‘घेतात’: प्रांद्र युन दूश, प्रांद्र ल प्ती देजने. चूक, प्रवास आणि प्रगती मात्र मराठीसारखीच ‘करतात’, तिथे फेर बिनधास्त चालवा.

प्रेम करणे हे ‘एमे’. ‘फेर लामूर’ असा वाक्प्रचार आहे, पण तो थेट शरीरसंबंधाबद्दलचा. ‘मी माझ्या आईवडिलांवर खूप प्रेम करतो’ याचं भाषांतर करताना हे विसरलात तर वर्गात बराच वेळ शांतता राहणार नाही.

विशेषणाचाही एक सापळा. ‘आनंदी करणे’, ‘वेडा करणे’ इथे फेर नाही, ‘रांद्र’ लागतं: त्यु म रां अऽरऽ, तू मला आनंदी करतोस. पुढे क्रियापद असेल तर फेर, पुढे माणसाच्या स्थितीचं विशेषण असेल तर रांद्र. हसवायला फेर, आनंदी करायला रांद्र.

पायरी ९: तयार तुकडे

हे फोडू नका, आख्खे गिळा. सा न फे र्‍यँ: काही हरकत नाही. तां फे पा: काळजी करू नकोस. फे वुआर: दाखव बघू. कोमां सा स फे?: असं कसं झालं? ओं फे आवेक: आहे त्यात भागवतो. हा शेवटचा भाड्याच्या छोट्या खोलीबद्दलही ऐकू येतो आणि साहेबाबद्दलही.

फेरपासून झालेलं ‘फे’ हे नाम तीन तुकड्यांत सतत भेटतं, आणि तिथे शेवटच्या टीचा उच्चार बघावा लागतो. ‘आं फेत’ म्हणजे खरं तर. ‘ओ फेत’ म्हणजे अरे हो, बरं आठवलं. या दोन्हींत बोलताना टी सहसा ऐकू येतो. ‘तुताफे’ म्हणजे अगदी बरोबर, इथे शेवटचा टी गप्प. पॅरिसमधल्या कुठल्याही मुलाखतीत ‘आं फेत’ इतक्यांदा येतं की सुरुवातीला दुसरं काही कळलं नाही तरी ते कळतं. तिथून कान लावायला सुरुवात करा.